जन्मजात हृदयविकार आणि मोबाईलवरचा व्यायाम : या चुका टाळा

सकाळी साडेसहाची ऑनलाइन बॅच. स्क्रीनवर सहा चौकोन. एकात नुसता गरगर फिरणारा पंखा, दुसऱ्यात कपाळ आणि केस, तिसऱ्यात पोरगं आहे पण मागे खिडकी उघडी असल्यामुळे काळी सावलीच दिसते, ओठांचा रंग काही कळत नाही, आणि मला तर तोच बघायचा असतो. मी हृदयाच्या पेशंटची फिजिओ आहे आणि गेली काही वर्षं माझं निम्मं काम असं मोबाईलवरच चालतं, कारण लातूर, नंदुरबार, कणकवलीहून कोणी आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी पुण्याला येऊ शकत नाही. येऊ पण नये, एसटीत जेवढा जीव शिणतो तेवढा फायदा अर्ध्या तासाच्या व्यायामातून निघत नाही. म्हणून मोबाईलमध्ये ॲप, हातात घड्याळ, आठवड्यातून एक-दोनदा व्हिडिओ कॉल ही पद्धत मला मनापासून पटते. पण प्रत्येक नव्या घरात त्याच चुका नव्याने होताना बघते, आणि त्यातल्या काही धोक्याच्या आहेत, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

हे जन्मापासून हृदयात दोष असलेल्यांसाठी आहे, म्हणजे छिद्र, टॉफ (टेट्रालॉजी ऑफ फॅलो, तो काय ते पुढे सांगते), एकाच पंपावर म्हणजे खालच्या एकाच मोठ्या कप्प्यावर चालणारं हृदय, महाधमनी म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणारी मुख्य वाहिनी अरुंद असणं वगैरे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आजोबांचं गणित वेगळं असतं. आणि बाजारातली बहुतेक ॲप्स एकतर धडधाकट माणसासाठी बनवलेली असतात नाहीतर त्या आजोबांसाठी. तुमच्या हृदयाची आतली वायरिंग आणि प्लंबिंग वेगळी आहे हे ॲपला कोणीतरी सांगावं लागतं, आणि आपण धरून चालतो की त्याला सगळं माहीत आहे. बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

"होल होतं, बंद केलं"

पहिल्या कॉलला मी विचारते, कुठलं ऑपरेशन झालं होतं? बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं, "मॅडम, हृदयाला होल होतं, ते बंद केलं, आता सगळं ओके आहे." मग मी म्हणते फाईल आणा. तर फाईल माळ्यावर, नाहीतर घर बदलताना गेली, नाहीतर शाळेत तपासणी होऊन राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मुंबईला ऑपरेशन झालेलं आणि कागद नक्की कोणाकडे राहिले तेच कोणाला आठवत नाही. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झाला, त्यातून आणि जनआरोग्य योजनेतून गावोगावच्या कितीतरी पोरांची ऑपरेशनं फुकट झाली, आणि तेव्हाची ती पोरं आता कॉलेजला आहेत, हातात मोबाईल आहे, मित्राने टाकलं म्हणून तेही फिटनेस ॲप टाकतात. हे बघून मला खरंच आनंद होतो. फक्त "होल होतं" एवढ्यावर व्यायाम ठरवता येत नाही.

का ते सांगते. साधं छिद्र वेळेत बंद झालं, फुप्फुसातलं प्रेशर नॉर्मल, तर तो मुलगा इतर मुलांसारखं जवळपास सगळं करू शकतो. टॉफमध्ये पण छिद्र असतं, पण सोबत फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, आणि ती वाट मोठी करताना तिथली झडप पुष्कळदा गळकी होते. ती गळती वर्षानुवर्षं उजव्या पंपाला फुगवत राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही, दुखत नाही, खुपत नाही, मुलगा म्हणतो मी मस्त आहे. म्हणजे दोघंही सांगणार होल होतं, दोघांनाही ॲप एकच प्लॅन देणार, आणि एकाला त्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एमआरआयची गरज असणार.

तर ॲप सुरू करायच्या आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या. दोन्ही पंपांची ताकद आणि आकार कसा आहे, फुप्फुसातलं प्रेशर किती, महाधमनी रुंद झालीये का, ठोक्यांची लय नीट आहे का, आणि ऑक्सिजन बसल्या बसल्या किती व मेहनत केल्यावर किती. युरोपातले तज्ज्ञ अशा पेशंटचा व्यायाम ठरवताना याच पाच गोष्टी बघतात. त्या कागदाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, घरातल्या दोघांना पाठवा. आणि पहिली स्ट्रेस टेस्ट, म्हणजे दमेपर्यंत मेहनत करायला लावून हृदय तपासतात ती, समोरासमोरच व्हायला पाहिजे, ईसीजी लावून, जमलं तर तोंडाला मास्क लावून श्वास मोजतात ती. त्यानंतर घरचा व्यायाम. यातलं काही न विचारता जे ॲप पहिल्याच दिवशी "चला सुरू करू" म्हणतं ते तुमच्यासाठी नाही, कितीही छान दिसत असलं तरी.

२२० वजा वय

ही सगळ्यात कॉमन चूक, आणि यात पेशंटची काहीच चूक नसते, कारण ॲप स्वतःच ती करतं. ॲप तुमचं वय विचारतं, २२० मधून वजा करतं आणि सांगतं की तुमचे ठोके इतक्यात राहिले पाहिजेत, यालाच ते झोन म्हणतं. माझ्याकडे एक सत्तावीस वर्षांची मुलगी होती, टॉफचं ऑपरेशन लहानपणी झालेलं, ठोक्यांच्या लयीसाठी मेटोप्रोलॉलची गोळी चालू. ॲपच्या हिशोबाने २२० वजा २७ म्हणजे १९३, त्याचे सत्तर ते पंच्याऐंशी टक्के म्हणजे १३५ ते १६४. आता स्ट्रेस टेस्टमध्ये ही मुलगी पूर्ण दमून थांबली तेव्हा तिचे ठोके होते १४२. म्हणजे ॲप तिला रोज तिच्या शेवटच्या टोकावर किंवा त्याच्याही पुढे पळायला सांगत होतं, आणि ती बिचारी स्वतःला आळशी समजत होती. "मॅडम माझा झोन कधी हिरवा होतच नाही" असं म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

जन्मजात हृदयविकारात, खासकरून मोठं ऑपरेशन झालेल्यांत, मेहनत केली तरी ठोके हवे तेवढे वाढत नाहीत हे खूप जणांच्या बाबतीत होतं. वरून ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यातलं काही चालू असेल तर ते अजून खाली धरून ठेवतं. म्हणून झोन हा तुमच्या स्वतःच्या स्ट्रेस टेस्टवरून काढायचा आणि ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने भरायचा. बऱ्याच ॲप्समध्ये "कमाल ठोके" बदलायची सोय असते पण ती आत कुठेतरी प्रोफाइलमध्ये लपलेली असते, शोधा. नसेल तर त्या ॲपचे झोन बंदच करून टाका.

आणि आकड्यांच्या आधी बोलण्याची परीक्षा. चालताना शेजारच्याशी गप्पा मारता येतायत पण गाणं म्हणता येत नाहीये, हा बरोबर वेग. गाणं आरामात म्हणता आलं तर थोडं वाढवा, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर कमी करा. बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने दमण्याची एक पट्टी बनवलीये, ६ पासून २० पर्यंत, ६ म्हणजे नुसतं बसलोय आणि २० म्हणजे आता जीव जातो. बहुतेकांना आम्ही १२ ते १४ च्या मध्ये ठेवतो. ॲपमध्ये ही पट्टी इंग्रजीत येते आणि लोक अंदाजे काहीही बोट लावतात, म्हणून मी ती मराठीत लिहून भिंतीवर चिकटवायला लावते, "थोडं जड वाटतंय" म्हणजे १३. आणि खरं सांगा, मला खूश करायला दरवेळी ११ लिहू नका, मी त्यावरूनच पुढच्या आठवड्याचा व्यायाम ठरवते.

घड्याळ कुठल्या हातात

हे वाचून कोणाचा एक जरी गोंधळ मिटला तरी बरं. एक चाळिशीतले काका होते, दोन वर्षांचे असताना शंट टाकलेला, म्हणजे फुप्फुसाकडे जास्त रक्त जावं म्हणून जोडलेली वाट, मग मोठं ऑपरेशन. त्यांचं घड्याळ चालताना ठोके कधी ५०, कधी एकदम ११०, कधी नुसत्या रेघा दाखवायचं. मुलाने घड्याळ बदललं, नवीन आणलं, तरी तेच. मी कॉलवर म्हटलं काका, शर्ट काढून जरा बाजूला वळा. उजव्या काखेखालून पाठीकडे गेलेला लांब व्रण. घड्याळ कुठल्या हातात, तर उजव्या, कारण ते डावखुरे. म्हटलं दोन्ही मनगटांवर नाडी बघा. डावीकडे टकटक लागते, उजवीकडे बोट दाबून दाबून पण नीट हाताला येईना.

झालं असं होतं की जुन्या पद्धतीच्या शंटमध्ये हाताकडे जाणारी रक्तवाहिनी कापून फुप्फुसाच्या वाहिनीला जोडायचे, १९४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला पहिल्यांदा केलं तेव्हापासूनची ती पद्धत. हात आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांवर जगतो, काही अडत नाही, पण नाडी मंद राहते. मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड टाकून तिथल्या रक्ताची उसळीच मोजतं, उसळीच नसेल तर ते काय मोजणार? काही वेळा तर ते पावलांच्या हादऱ्यालाच ठोके समजून तो आकडा दाखवतं. घड्याळ दुसऱ्या हातात बांधलं आणि दोन मिनिटांत प्रश्न संपला, तीन महिने चाललेला.

तसंच महाधमनी अरुंद असल्याचं ऑपरेशन डाव्या बाजूने झालेलं असेल तर काहींमध्ये डाव्या हाताची वाहिनी वापरलेली असते, त्या हातात बीपी खोटं कमी येतं आणि घरचे खूश होतात की बीपी एकदम छान. अशा माणसाचं बीपी उजव्या हातात मोजायचं. काखेखाली व्रण असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा की माझं बीपी आणि घड्याळ कुठल्या हातात.

बाकी घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट पण रुतणार नाही असं. सायकलचं हँडल आवळून धरलं की, थंडीत हात गार पडले की, ठोके अनियमित असले की मनगटावरचा आकडा भरवशाचा राहत नाही. ज्यांच्या बाबतीत आकडा खरंच महत्त्वाचा आहे त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा.

ऑक्सिमीटरची भीती

कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि सगळ्यांच्या डोक्यात ९५ हा आकडा पक्का बसला. पण काही जन्मजात आजारांत, जिथे निळं (ऑक्सिजन कमी असलेलं) रक्त आणि लाल रक्त अजून मिसळतं, तिथे माणसाचा रोजचा आकडाच ८२, ८५ असतो आणि तो त्यावर कॉलेज करतो, नोकरी करतो. अशा मुलीच्या ॲपने रोज लाल अलार्म वाजवला आणि घरच्यांनी व्यायामच बंद केला, असं झालंय. उलटंही झालंय, की जिचा आकडा नेहमी ९६ असतो ती व्यायामात ८८ ला आली आणि घरच्यांनी म्हटलं मशीन स्वस्तातलं आहे. तुमचा बसल्याचा आकडा किती, आणि कितीच्या खाली गेला की थांबायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. नेलपॉलिश काढा, बोटं गार असतील तर हात चोळून गरम करा, आणि चालता चालता बोटाला लावून बघू नका, थांबा, आकडा स्थिर होऊ द्या, मग लिहा.

ज्यांचा ऑक्सिजन कायम कमी असतो त्यांचं रक्त दाट असतं, त्यांनी पाणी कमी पडू द्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूरकडच्या लोकांना मी गच्चीवरचा व्यायाम सरळ बंद करायला लावते. पहाटे किंवा कूलरसमोर, पाण्याची बाटली शेजारी.

श्वास रोखून वजन उचलणं

व्हिडिओत तो दाखवणारा माणूस हसत हसत प्लँक करतो आणि आपली पोरं गाल फुगवून, श्वास कोंडून, लाल होऊन तीस सेकंद पूर्ण करतात. साध्या माणसाला त्याने चक्कर येईल फार तर. पण फोंटान नावाचं ऑपरेशन झालेल्यांनी हे अजिबात करू नये आणि का ते समजून घ्या, कारण एकदा समजलं की कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

ज्या बाळांना हृदयाचा एकच पंप नीट असतो त्यांच्यासाठी हे ऑपरेशन, १९६८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला फोंटान नावाच्या सर्जननी पहिल्यांदा केलं. यात शरीरातून परत येणारं रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसात सोडतात. म्हणजे त्याला मागून ढकलणारं कोणी नाही. मग ते जातं कसं? श्वास आत घेतला की छाती ते ओढते, आणि पायाच्या पोटऱ्या आवळल्या की खालून वर ढकलतात. श्वास कोंडला की छातीतलं प्रेशर वाढतं आणि ती वाट जवळजवळ बंदच होते. म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा, मोठ्याने आकडे मोजायचे, मोजता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. आणि म्हणूनच या मुलांना पायांचा व्यायाम सोन्यासारखा आहे, टाचा उचलणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं. २०१३ मध्ये सिडनीच्या डॉक्टरांनी फोंटानवाल्या काही प्रौढांकडून वीस आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, सगळं नजरेखाली, तर त्यांच्या स्नायूंची ताकदही वाढली आणि हृदय एका वेळी जास्त रक्त टाकायला लागलं. पूर्वी यांना वजन शिवू पण देत नव्हते.

महाधमनी रुंद झालेल्यांना मात्र जड वजन, दोर खेचणं, सगळा जोर लावून एकदम पळणं नको, त्यांचं बीपी झटक्यात चढतं. इथे एक आपल्याकडची गोष्ट सांगते जी कुठल्याच ॲपमध्ये नसते, ढोलपथक. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी कमरेला जड ढोल बांधून तासन् तास वादन. पोरं मला सांगत नाहीत कारण त्यांना माहीत असतं मी काय म्हणेन, आणि मला त्यांचं मन मोडायला जिवावर येतं. पण सांगा, लपवू नका. काहींना ताशा किंवा झांज चालते, काहींना हलका ढोल थोडा वेळ चालतो, काहींना नाहीच चालत, ते तुमच्या कागदावरच्या पाच गोष्टींवर ठरतं. आणि ज्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन, त्यांनी कबड्डी नको, डोक्याला मार बसला तर आत रक्तस्राव होतो. ॲपमध्ये "औषधं" असा रकाना असतो तो मोकळा सोडू नका.

पेसमेकर आणि मशीन असलेल्यांनी

बऱ्याच पेसमेकरमध्ये अंग हललं की ठोके वाढवणारा सेन्सर असतो, तो छातीच्या हालचालीवर चालतो. चालताना छाती हलते, मशीनला कळतं की माणूस कामात आहे. पण घरातल्या जागच्या जागी सायकलवर छाती स्थिर असते, पाय कितीही फिरवा, मशीनला वाटतं हा बसलाय. मग दोन मिनिटांत दम लागतो आणि माणूस म्हणतो माझा स्टॅमिनाच नाही. अशांना चालणं द्या, किंवा डॉक्टरांकडून सेन्सरचं सेटिंग बघून घ्या. शॉक देणारं मशीन असेल तर ते किती ठोक्यांना शॉक देतं तो आकडा माहीत पाहिजे आणि व्यायामाचा वरचा आकडा त्याच्या दहा-वीस तरी खाली पाहिजे. फोन शर्टाच्या खिशात ठेवून चालू नका, आतल्या मॅग्नेटमुळे, मशीनपासून साधारण १५ सेंटिमीटर लांब. आणि चरबी मोजणारा वजनकाटा जो पायातून करंट सोडतो, तो ॲपसोबत फ्री मिळाला तरी वापरू नका.

स्किपचं बटण, स्ट्रीकचा नाद

वॉर्मअपला "स्किप" असतं, शेवटच्या हळू चालण्याला पण असतं, आणि घाई असली की बोट तिथेच जातं. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, वर कमी येतं, डोळ्यापुढे अंधारी येते. सुरुवातीचे दहा आणि शेवटचे दहा मिनिटं मी कधीच सोडू देत नाही, वेळ नसेल तर मधला भाग कमी करा.

स्ट्रीकचं तर मला फार वाईट वाटतं. सत्तेचाळीस दिवसांची साखळी तुटू नये म्हणून एका मुलाने १०१ तापात दोरीवरच्या उड्या मारल्या. तापात व्यायाम नाही म्हणजे नाही. जन्मजात हृदयविकारात ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू करू नका, झडपेला जंतू लागलेत का ते आधी रक्ताच्या कल्चरवरून, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीवरून, बघावं लागतं, आणि गोळी आधी पोटात गेली की ते नीट सापडत नाही. स्ट्रीकचं नोटिफिकेशन बंद करता येतं, करून टाका.

कॅमेरा आणि सोबत

परत त्या पंख्यावर येते. मोबाईल जमिनीवर भिंतीला टेकवला की छतच दिसतं. स्टूलवर डबा, डब्याला टेकून मोबाईल आडवा, तुम्ही सात-आठ पावलं मागे, डोक्यापासून पायापर्यंत दिसाल असं. उजेड तोंडावर पाहिजे, खिडकी तुमच्या समोर, पाठीमागे नको. गॉगलसारखा फिल्टर, चेहरा गोरा करणारं ब्युटी मोड सगळं बंद, मला ओठ आणि नखांचा खरा रंग दिसू दे. कानात हेडफोन नको, घरातल्या माणसाला पण माझा आवाज गेला पाहिजे.

आणि घरात कोणीतरी जागं पाहिजे. होस्टेलवर राहत असाल तर रूममेटला सांगा. सुरू करण्याआधी मी दरवेळी विचारते आज कुठे आहात, लोकांना वाटतं मॅडम गप्पा मारतायत, पण मामाच्या गावाला गेलेल्या मुलीला चक्कर आली तर १०८ ला मी कुठला पत्ता सांगू? छातीत दुखलं, चक्कर आली, ठोके एकदम सुटले आणि थांबेनात, नेहमीपेक्षा जास्त निळं पडलं, तर तिथेच थांबायचं. व्यायाम करताना शुद्ध गेली, अगदी पाच सेकंद, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ॲपमध्ये मेसेज टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, ते मेसेज आम्ही सकाळी बघतो.

घरच्यांची माया

"मॅडम, मी त्याला पीटीला कधी पाठवलंच नाही, शाळेत चिठ्ठी दिलेली." हे वाक्य आया अभिमानाने सांगतात आणि मला त्यांचा राग येत नाही, ज्या बाईने सहा महिन्यांचं बाळ ऑपरेशन थिएटरमध्ये आत नेताना बघितलंय तिने घाबरू नये तर काय करावं. पण चौदा वर्षं बसून राहिलेल्या मुलाचे पाय काडीसारखे होतात, वजन पोटावर चढतं, आणि मग जिना चढताना लागलेला दम हृदयाचा की बसून राहिल्याचा हे आम्हालाही लवकर कळत नाही. २००५ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी हृदयाचा गंभीर दोष असलेल्या १६ मुलांना बारा आठवडे नजरेखाली व्यायाम दिला, १५ जणांची ताकद वाढली, कोणाला काही झालं नाही. मी हे आयांना प्रत्येक वेळी सांगते.

एका घरात मुलाची पावलं रोज बरोबर आठ हजार भरायची, ठोके पण मस्त वाढायचे, मी खूश. एके दिवशी कॉल लावला तर घड्याळ धाकट्या भावाच्या हातात, आणि तो अंगणात क्रिकेट खेळतोय. मोठा खाटेवर बसून बघत होता. आईनेच बांधलं होतं, ॲपमध्ये नापास होऊ नये म्हणून. मी कोणाला रागावले नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघं भाऊ एकत्र, आधी पंधरा मिनिटं चालणं, मग मोठ्या भावाने अंपायर व्हायचं, मग हळूहळू बॉलिंग, आणि आई ओट्यावर बसून फक्त बघणार, "बस झालं रे" म्हणायचं नाही. ते न म्हणणं तिला सगळ्यात जड गेलं.

साध्या साध्या अडचणी

प्रोफाइल बाबांच्या जीमेलवर उघडलेलं असतं त्यामुळे ॲपला वाटतं पेशंट शेहेचाळीस वर्षांचा आहे, जन्मतारीख आणि वजन तपासा. डेटा माझ्यापर्यंत येतच नसेल तर बॅटरी सेव्हर ॲपला मागे बंद पाडतोय, सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला परवानगी द्या. ब्लूटूथ एकाच वेळी दोन फोनला जोडलेलं असेल तर घड्याळ भलत्याच फोनला माहिती देतं. गावात रेंज नसेल तर व्यायामाचे व्हिडिओ वायफाय असताना उतरवून ठेवा आणि आकडे वहीत लिहा, वही मला ॲपपेक्षा जास्त आवडते. छातीचं हाड कापून ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत, साधारण दोन-तीन महिने, दंडाचे व्यायाम ॲपमध्ये आले तरी सोडून द्या, नवीन पेसमेकर बसवला असेल तर त्या बाजूचा हात चार-सहा आठवडे खांद्याच्या वर नको.

आणि बारा आठवडे संपले की ॲप अभिनंदनाची पताका उडवतं आणि लोकांना वाटतं कोर्स संपला. परत टेस्ट करायची असते, सहा मिनिटं चालून किती मीटर झालं ते बघायचं, घरात जागा नसेल तर शाळेचा व्हरांडा, तीस मीटर मोजून दोन टोकांना चपला ठेवा. त्यावरून नवे आकडे ॲपमध्ये भरायचे, जुने पुसायचे. पुढच्या इकोची तारीख डॉक्टरांनी दिलेली असतेच, ती फोनमध्ये हरवते, म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेनने गोल करून ठेवा, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी, तिथे सगळ्यांची नजर रोज जाते.